तळाशी काय घालावे?

शाळेतल्या मत्स्यालयाचा तळ बहुधा दुकानदार ठरवतो. काचेची टाकी, हवेचा पंप, प्लॅस्टिकची दोन झुडपे आणि निळ्या किंवा गुलाबी खड्यांची एक पिशवी असा सगळा संच एकदमच मिळतो. खडे धुऊन पसरले की टाकी सजल्यासारखी दिसते. मग मासे येतात. त्यांत मिशा असलेला, तळाशी फिरणारा कोरिडोरास हटकून असतो, कारण 'हा खालची घाण खातो' असे आपल्याला सांगितलेले असते. खरे म्हणजे तो घाण खात नाही. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये हा मासा मऊ वाळूत तोंड खुपसतो, वाळूचा घास घेतो, त्यातले बारीक जीव वेचून खातो आणि वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. निळे खडे त्याच्या तोंडात मावतही नाहीत. त्याला तळ दिलेला आहे तो आपल्याला बघायला बरे वाटावे म्हणून.

तळ कोणासाठी घालायचा, हा प्रश्न मत्स्यालयाइतकाच जुना आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली एका मोठ्या काचपात्रात दोन लहान सोनमासे ठेवले आणि वनस्पती, मासे व गोगलगायी यांचा मेळ कसा बसतो ते पाहिले. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तळाचे वर्णन काळजीपूर्वक केलेले आहे. खाली वाळू आणि चिखल, त्यावर सुटे दगड, आणि हे दगड अशा बेताने मांडलेले की माशांना वाटले तर त्यांच्या खाली सावलीत जाता यावे. चिखल वनस्पतीच्या मुळांसाठी आणि दगड माशांसाठी. सजावटीचा उल्लेख नाही. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, मत्स्यालयांची लाट आली आणि दिवाणखान्यातल्या टाकीचा तळ शोभेचा झाला.

आम्हांला इथे सांगायची आहे ती गोष्ट मात्र दिवाणखान्यातली नाही. काही संशोधकांनी माशाखालचा तळ मुद्दाम बदलून पाहिला, आणि त्यातून उत्क्रांतीविषयीचे दोन मोठे प्रश्न तपासले गेले. त्यासाठी त्यांनी निवडले ते मासे म्हणजे चपटे मासे.

चपटा मासा कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना नवा नाही. बाजारात लेपा किंवा लेपो म्हणून मिळतो तो याच गटातला. जिभेसारखा लांबट, पातळ, एका बाजूने तपकिरी आणि दुसऱ्या बाजूने पांढरा. नीट पाहिले तर दोन्ही डोळे तपकिरी बाजूलाच असतात. पाहणाऱ्याला वाटते, हा मासा वरून दाबल्यामुळे चपटा झाला असावा, म्हणजे तपकिरी ती पाठ आणि पांढरे ते पोट. तसे नाही. लेपा आपल्या डाव्या बाजूला वर करून उजव्या कुशीवर आयुष्यभर आडवा पडलेला असतो. अंड्यातून निघालेले पिल्लू इतर माशांसारखेच सरळ पोहते, त्याला दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. काही आठवड्यांत एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि मासा तळाशी आडवा होतो. (युरोपातल्या फ्लाउंडर, प्लेस वगैरे जातींत बहुधा उजवी बाजू वर असते.)

या माशाने डार्विनला अडचणीत आणले होते. सेंट जॉर्ज मिव्हार्ट या टीकाकाराने १८७१ साली विचारले की, सरकणारा डोळा अर्ध्या वाटेवर असताना त्याचा उपयोग काय? आणि उपयोग नसेल तर नैसर्गिक निवड त्याला पुढे कशी नेणार? डार्विनने आपल्या ग्रंथाच्या १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत याला सविस्तर उत्तर दिले. (मिव्हार्टच्या प्रश्नाला जीवाश्मांचे उत्तर मिळायला २००८ साल उजाडले. त्या वर्षी मॅट फ्रीडमन यांनी दाखवून दिले की, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या काही चपट्या माशांच्या कवटीत डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर आहे.) पण त्याच उत्तरात डार्विनने रंगाविषयीही दोन विधाने केली, आणि आपली गोष्ट तिथून सुरू होते.

पहिले विधान खालच्या बाजूचे. ती पांढरी आहे याचे कारण तिथे उजेड पोहोचत नाही, असे मानायला हरकत नाही, असे डार्विनला वाटले. दुसरे विधान वरच्या बाजूचे. ती वाळूसारखी ठिपकेदार दिसते, आणि काही जाती तर तळाप्रमाणे आपला रंग बदलतात. हे केवळ उजेडाने होण्यासारखे नाही, इथे नैसर्गिक निवडीचे काम असावे. एकाच माशाच्या दोन बाजूंना दोन निरनिराळी कारणे! दोन्ही विधाने तपासायची तर माशाखालची जमीन बदलून पाहायला हवी होती.

खालच्या बाजूचा प्रश्न हाती घेतला तो जोसेफ थॉमस कनिंगहॅम यांनी. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे १८८८ साली सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, तिथे ते काम करीत. सोल माशावर त्यांनी १८९० साली एक मोठा ग्रंथ लिहिला होता, त्यामुळे चपटे मासे त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. त्यांनी युक्ती केली ती अशी. वाळूचा तळ काढून टाकला. फ्लाउंडरची पिल्ले काचेच्या तळावर ठेवली, काचेखाली तिरपा आरसा लावला आणि टाकी वरून झाकली. आता खिडकीतला उजेड आरशावरून परतून माशाच्या खालच्या बाजूवर पडू लागला. समुद्रात जी बाजू अंधारात राहायची ती उजेडात आली.

मासे काही महिने असे ठेवल्यावर अनेकांच्या खालच्या बाजूवर काळे-तपकिरी डाग उमटले. उजेड नसतो म्हणून ही बाजू पांढरी असते, याला हा सरळ पुरावा वाटला.

कनिंगहॅम इथेच थांबले असते तर वाद झाला नसता. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. खालून उजेड असूनही रूपांतराच्या वेळी पिल्लांची ती बाजू आधी पांढरी झालीच, रंग परत आला तो पुष्कळ दिवस उजेड मिळाल्यावर. यावरून त्यांनी असा तर्क केला की, पांढरेपणा मुळात अंधारामुळे आला, आणि असंख्य पिढ्यांनंतर तो आनुवंशिक झाला. म्हणजे परिस्थितीने घडवलेला गुण संततीत उतरला. ज्या काळात ऑगस्ट वाइसमान उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापून 'असे काही होत नाही' हे दाखवत होते, त्याच काळातले हे मत आहे. विरोधकांचे उत्तर असे होते की, पांढरी बाजू निवडीमुळेही येऊ शकते. जी बाजू कोणाला दिसतच नाही तिच्यावर रंग खर्च करण्याचे कारण नाही. कातडीत रंग तयार करण्याची क्षमता शिल्लक राहिली, एवढेच या प्रयोगावरून कळते. एकाच टाकीतला एकच डाग दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा केला.

आम्हांला या प्रयोगात वेगळीच गोष्ट खटकते. कनिंगहॅम यांनी बदलला उजेड, असे ते म्हणतात. पण उजेड खालून यायला हवा म्हणून वाळू गेली होती. मासा वाळूत पुरून घेऊ शकत नव्हता, त्याच्या कातडीला वाळूचा स्पर्श नव्हता, त्याच्याखाली गुळगुळीत काच होती. एका वेळी एकच गोष्ट बदला, असे आपण आठवीच्या विद्यार्थ्यांना सांगतो. इथे किमान दोन बदलल्या होत्या. या मुद्द्याकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

आता वरची बाजू. टर्बो नावाचा चपटा मासा वाळूवर फिका आणि गडद तळावर काळपट होतो, हे फ्रान्समध्ये जॉर्ज पूशे यांनी १८७० च्या सुमारास अभ्यासले होते. डार्विनने हवाला दिला आहे तो त्यांचाच. पूशे यांना आढळले की, आंधळा केलेला मासा तळाप्रमाणे बदलत नाही, आणि कातडीच्या एखाद्या भागाकडे जाणारे चेतातंतू तोडले की तेवढा भाग काळा पडून राहतो. म्हणजे रंग ठरतो डोळ्यांत, आणि हुकूम जातो चेतातंतूंतून. असले प्रयोग आज कोणी शाळेत करू नयेत, आणि करण्याचे कारणही नाही.

मासा तळाचे नेमके काय पाहतो? फक्त उजळपणा, की त्यावरची नक्षीसुद्धा? फ्रान्सिस सम्नर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने हा प्रश्न नेपल्सला नेला. तिथले सागरी संशोधन केंद्र जर्मन शास्त्रज्ञ अँटन डोर्न यांनी उभे केले होते. १८७४ पासून त्याच्या तळमजल्यावर लोकांसाठी मत्स्यालय होते आणि तिकिटांच्या पैशांचा संशोधनाला हातभार लागे. वरच्या मजल्यावर देशोदेशींच्या विद्यापीठांनी भाड्याने घेतलेली टेबले. भूमध्य समुद्रातला बोथस जातीचा एक चपटा मासा सम्नर यांना इथे मिळाला, आणि रंग बदलण्यात त्याचा हात धरणारा दुसरा मासा त्यांना सापडला नाही.

सम्नर यांनी आधी खरे तळ वापरले. बारीक वाळू, भरड वाळू, खडे, फिके आणि गडद. मासा प्रत्येकाशी बऱ्यापैकी जुळवून घेई. पण हे तळ माशाला वंशपरंपरेने ठाऊक असू शकतात. म्हणून त्यांनी समुद्रात कधीच नसणारे तळ तयार केले. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा, बुद्धिबळाच्या पटासारखा. काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा. पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा. मग प्रत्येक तळावरच्या माशाची छायाचित्रे घेतली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातली ही छायाचित्रे आजही पुस्तकांतून दिसतात.

चौकटींच्या तळावर माशाच्या अंगावर चौकटी उमटल्या का? नाही. ही गोष्ट सम्नर यांनी स्पष्ट नोंदवली आहे, आणि ती सांगायचे पुष्कळ लोकप्रिय लेखांत राहून जाते. चौकटी मोठ्या असल्या की माशाचे डाग मोठे आणि ठळक होत, बारीक असल्या की अंगावर बारीक कणीदार नक्षी येई. डागांच्या जागा मात्र ठरलेल्या होत्या. मासा चित्र उतरवून घेत नव्हता. ठिपक्यांचा भरडपणा आणि काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण एवढेच तो पकडत होता. पहिल्या वेळी या बदलाला कधी कधी काही दिवस लागत. तोच मासा त्याच तळांवर पुन्हा पुन्हा ठेवला की काम मिनिटांवर येई.

इथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल असा एक पेच आहे. संध्याकाळच्या अंधूक उजेडातली पांढरी वाळू आणि दुपारच्या उन्हातला काळा दगड यांच्यापासून डोळ्यात येणारा प्रकाश सारखाच असू शकतो. मग तळ पांढरा की काळा, हे माशाला कसे कळते? उत्तर असे की, मासा नुसता तळ पाहत नाही. वरून येणारा प्रकाश आणि तळावरून परतणारा प्रकाश यांची तो तुलना करतो. वरून आलेल्यापैकी बराचसा प्रकाश परतत असेल तर तळ फिका, थोडाच परतत असेल तर गडद. सम्नर यांनी १९२९ साली एका तरुण सहकाऱ्याबरोबर यावर निबंध लिहिला, त्यात प्रकाश कुठून येतो असे माशाला वाटते ते बदलून पाहिले होते. या सहकाऱ्याचे नाव अँसेल कीज. आहारातली चरबी आणि हृदयविकार यांच्या संबंधामुळे पुढे जगभर गाजलेले तेच हे कीज. त्यांची सुरुवात माशांपासून झाली.

डोळ्यांपासून निघालेला निरोप अखेर पोहोचतो तो कातडीतल्या रंगपेशींपर्यंत. काळ्या रंगपेशीत मेलॅनिनचे कण असतात. कण पेशीभर पसरले की कातडी काळी दिसते, मधोमध गोळा झाले की फिकी. पेशी स्वतः फुगत किंवा आकसत नाही, आत फक्त कणांची ये-जा होते. चेतातंतूंचा निरोप जलद पोहोचतो. त्याच्या जोडीला संप्रेरके सावकाश काम करतात. मासा बरेच दिवस एकाच तळावर राहिला तर रंगपेशींची संख्यासुद्धा कमी-जास्त होते.

सम्नर यांच्यापाठोपाठ सॅम्युएल मास्ट यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे चपटे मासे रंगीत तळांवर ठेवले. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार निळ्या तळावर मासा निळसर होई, हिरव्यावर हिरवट. त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. मासा एका रंगाच्या तळाला सरावला की त्याच्यापुढे दोन तळ ठेवले आणि निवड त्याच्यावर सोपवली. निळसर झालेल्या माशांचा कल निळ्या तळाकडे होता.

पुढच्या काळात शंकेखोरांनी सम्नर यांच्या छायाचित्रांवर आक्षेप घेतले. मासा नक्षीबिक्षी काही जुळवत नाही, आपल्या ठरलेल्या डागांचा ठळकपणा फक्त कमी-जास्त करतो, नक्षीचे साम्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे, असे मत १९८० च्या दशकात पुढे आले. छायाचित्रावरून मनाने ठरवायचे असेल तर हा आक्षेप खोडणे अवघड होते. तो तपासला विलयनूर रामचंद्रन यांनी. मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, कॅलिफोर्नियात सॅन दिएगो येथे मेंदूवर संशोधन करणारे, तुटलेल्या हाताच्या भासमान वेदनांवरच्या कामामुळे प्रसिद्ध झालेले हेच ते रामचंद्रन. त्यांनी आणि रिचर्ड ग्रेगरी, ख्रिस्तोफर टायलर आदी सहकाऱ्यांनी उष्ण समुद्रातला एक बोथस मासा घेतला, त्याच्याखाली निरनिराळ्या मापांच्या चौकटी आणि ठिपके ठेवले, आणि कातडीच्या चित्रांचे संगणकावर गणिती विश्लेषण केले. १९९६ साली 'नेचर' साप्ताहिकात हा निबंध आला. मासा दोन ते आठ सेकंदांत बदलत होता. बदल केवळ ठळकपणाचा नव्हता. माशाच्या अंगावर डागांचे काही मोजके संच आहेत, आणि प्रत्येक संच तो स्वतंत्रपणे कमी-जास्त करू शकतो, असे गणिताने दाखवले. दोन-तीन तोट्या कमी-जास्त सोडून पाहिजे त्या तापमानाचे पाणी करावे, तसा हा प्रकार. २००६ साली इंग्लंडमध्ये प्लेस माशाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासातही दोन वेगळ्या नक्ष्यांचे मिश्रण आढळले.

म्हणजे सम्नर आणि त्यांचे टीकाकार दोघांचेही थोडे थोडे बरोबर निघाले. चित्र उतरवणे नाही, आणि नुसता ठळकपणाही नाही.

पण या सगळ्याचा माशाला उपयोग होतो का? डार्विनचे दुसरे विधान खरे ठरायचे तर तळाशी जुळणारा मासा वाचला पाहिजे आणि न जुळणारा खाल्ला गेला पाहिजे. हे पाहण्याचे कष्टही सम्नर यांनीच घेतले, १९३४ साली. त्यासाठी मासा मात्र त्यांनी वेगळा घेतला, डास-निर्मूलनामुळे आपल्याला ठाऊक असलेला गंबुझिया. (तो तळाशी राहत नाही, पृष्ठभागाजवळ असतो.) काही मासे काळ्या टाकीत आणि काही पांढऱ्या टाकीत ठेवून त्यांचे रंग गडद आणि फिके होऊ दिले. मग दोन्ही प्रकारचे मासे मिसळून त्यांच्यावर सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन सोडले. फिक्या टाकीत काळे मासे जास्त खाल्ले गेले, काळ्या टाकीत फिके. संशोधकांनी इतकी वर्षे गृहीत धरलेली गोष्ट पेंग्विनांनी एकदाची तपासून दिली. सम्नर यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. परिस्थितीने घडवलेले गुण संततीत उतरत असावेत, या कनिंगहॅमच्या मताकडे सुरुवातीला त्यांचाही ओढा होता. पांढऱ्या वाळूवर राहणाऱ्या फिक्या रानउंदरांचा वर्षानुवर्षे अभ्यास केल्यावर त्यांनी ते मत सोडले आणि नैसर्गिक निवड मान्य केली.

यातला एक भाग वर्गात सहज करता येतो, आणि त्यासाठी टाकीचा तळ उपसावाही लागत नाही. तळ उघडा असलेल्या लहान काचटाकीत ओढ्यातले किंवा दुकानातले दोन-तीन लहान मासे ठेवावेत. टाकीखाली आणि तीन बाजूंना आज काळा कागद लावावा, उद्या पांढरा. चौथ्या बाजूने पाहावे. पांढऱ्या बादलीतून मासे घरी आणताना ते फिके पडल्याचे पुष्कळांनी पाहिलेले असते, पण त्याचे कारण भीती की बादली, हे ठरवायला आज-उद्याचे कागद बदलून पाहावे लागतात. नोंदी ठेवताना एक अडचण येईल. ज्या विद्यार्थ्याला कागदाचा रंग ठाऊक आहे त्याला मासाही तसाच दिसतो. म्हणून छायाचित्र काढून, कागद झाकून, ते दुसऱ्या विद्यार्थ्याला दाखवावे.

आतापर्यंत तळ निवडला तो माणसांनी. मास्ट यांनी निवड माशाला दिली होती ती रंगाची. चपट्या माशाला दुसरीही एक निवड करायची असते, ती कणांच्या आकाराची. प्लेस मासा वाळूत पुरून घेतो तेव्हा अंग झपाझप वर-खाली आपटतो, वाळू उडते आणि त्याच्याच पाठीवर येऊन बसते. बाहेर राहतात ते दोन डोळे. याला ताकद लागते. १९९२ साली स्कॉटलंडमध्ये गिब्सन आणि रॉब यांनी प्लेसच्या पिल्लांना निरनिराळ्या भरडपणाचे तळ देऊन पाहिले. लहान पिल्लाला भरड वाळू उडवता येत नाही, मासा वाढतो तशी त्याला अधिक भरड वाळू चालू लागते. पुरून घेता येईल असाच तळ मासे पसंत करतात. म्हणजे 'या जातीला अमुक तळ' असे एकदाच लिहून ठेवता येत नाही. त्याच माशाला लहानपणी जो तळ लागतो तो मोठेपणी लागेलच असे नाही.

आणि आता कनिंगहॅमच्या काचेकडे. जपानमध्ये हिरामे हा चपटा मासा महाग विकला जातो. मत्स्यबीज केंद्रांत त्याची पिल्ले मोठ्या संख्येने वाढवून समुद्रात सोडतात, काही पुढेही टाक्यांतच वाढवतात. टाक्यांचा तळ गुळगुळीत आणि उघडा, कारण वाळू घातली की साफसफाई अवघड होते. अशा टाक्यांत एक तक्रार कायमची झाली. माशांची खालची बाजू पांढरी राहीना. पिल्लांचे रूपांतर नीट होऊन ती बाजू आधी पांढरी होई, आणि मग तिच्यावर काळे डाग पसरत जात. कनिंगहॅमने वर्णन केलेला क्रम हाच होता! फरक एवढाच की, या टाक्यांखाली आरसा नव्हता. तळ अपारदर्शक होता, आणि खालची बाजू त्याला चिकटलेली होती.

१९९८ साली इवाता आणि किकुची यांनी हिरामेच्या या डागांवर वाळू आणि उजेड या दोन्ही गोष्टींचा परिणाम तपासून पाहिला. वाळूचा तळ दिला की डाग रोखले जातात, हे त्यातून पक्के झाले. तेव्हापासून कनिंगहॅमचा प्रयोग आम्हांला वेगळ्याच नजरेने वाचावासा वाटतो. फ्लाउंडर आणि हिरामे या निरनिराळ्या जाती आहेत, त्यामुळे एकीवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही. तरीही आरशाने जे घडवले असे ते मानत होते, त्यातले काही वाळू काढल्यामुळे घडले नसेल का, हा प्रश्न विचारावाच लागतो. वाळू म्हणजे अंधार, वाळू म्हणजे स्पर्श, वाळू म्हणजे पुरून घेण्याची सोय. ती काढली की तिन्ही एकदम जातात.

टाकीच्या रंगाचेही असेच निघाले. पांढऱ्या तळावर माशाची पीयूषिका ग्रंथी एक संप्रेरक सोडते, त्याने मेलॅनिनचे कण गोळा होऊन मासा फिका पडतो. हे संप्रेरक १९८३ साली जपानमध्ये सामन माशातून वेगळे करण्यात आले. नंतर मात्सुकावा नावाच्या दुसऱ्या चपट्या माशाची पिल्ले पांढऱ्या आणि काळ्या टाक्यांत वाढवून पाहिली, तर पांढऱ्या टाकीतली पिल्ले अधिक वाढली. रंगाचा निरोप नेणाऱ्या संप्रेरकाचा भुकेशीही संबंध आहे, आणि ते सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याही, मेंदूत असते.

हर्णैच्या किंवा मडगावच्या बाजारात लेपा उलटा केला तर खालची बाजू स्वच्छ पांढरी दिसते, कारण तो समुद्राच्या तळावरून आलेला असतो. जपानच्या बाजारात हिरामे उलटून पाहण्याला अर्थ आहे. खालच्या बाजूला काळे डाग दिसले की मासा मत्स्यबीज केंद्रात वाढलेला आहे हे ओळखतात आणि भाव उतरतो. समुद्रात सोडलेल्या पिल्लांपैकी किती पुन्हा जाळ्यात आली हे मोजणाऱ्यांना मात्र याच डागांचा उपयोग होतो. वर्षानुवर्षे समुद्राच्या वाळूत राहूनही ते पुरते जात नाहीत.